हजेरी कुणी दिली? मोबाइलमधल्या नावांचा एक छोटा इतिहास



मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी आम्हाला जिन्यात गाठलं. निवृत्त मुख्याध्यापिका, वय साधारण आमच्याइतकंच. त्यांच्या फोनवर एक संदेश आला होता आणि त्यात निळ्या अक्षरांची एक ओळ होती. अंगठा लागला आणि फोनने आपण होऊन पैसे पाठवायचं ॲप उघडलं. समोर फॉर्म, त्यात कुणाचं तरी नाव आणि चार हजारांची रक्कम आधीच भरलेली. बाईंनी फोन बंद केला आणि दोन दिवस कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला. पैसे गेले नव्हते. पण त्यांचा प्रश्न पैशांचा नव्हताच. त्या म्हणाल्या, "सर, मी अंगठ्याने नेमकं केलं काय? मी कुणाला काय सांगितलं, आणि ते ऐकलं कुणी?"

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. संगणकाचं औपचारिक शिक्षण म्हणाल तर शून्य. पण हा प्रश्न ऐकल्यावर वाटलं, हा तर आपल्याच विषयातला प्रश्न आहे. नाव उच्चारलं की ते ज्याचं आहे त्याच्यापर्यंत पोचतं, हे कशावरून? म्हणून आजचा विषय ठरवला. गेले काही महिने त्यासाठी वाचलं, दोन जुन्या विद्यार्थ्यांना छळलं, आणि जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवतो आहोत.

आधी एक वर्गातली गोष्ट. आम्ही हजेरी घ्यायचो ती नावाने. नाव पुकारलं की मागच्या बाकावरून "हजर सर" असा आवाज यायचा. मान खाली, डोळे वहीत. आवाज आला की आमची खूण झाली. एका वर्षी एका मुलाची हजेरी शंभर टक्के भरली आणि परीक्षेच्या वेळी कळलं की तो पूर्ण सत्र गावी होता! (हशा) त्याच्या नावाला दुसराच कुणी तरी इमाने इतबारे ओ देत होता. चूक त्या मुलाची होतीच, पण पद्धत आमची होती. आम्ही नाव पुकारत होतो आणि ओ आली म्हणजे माणूस आहे असं धरून चालत होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. आज ती वारंवार लागणार आहे.

आता त्या निळ्या ओळीकडे या. इंटरनेटवरचा कुठलाही पत्ता घ्या. त्यात एक अपूर्णविराम असतो, ज्याला आपण कोलन म्हणतो. या कोलनच्या डावीकडे जो शब्द असतो त्याला 'स्कीम' म्हणतात. सरकारी योजनेशी याचा संबंध नाही. तुम्ही रोज पाहता तो शब्द म्हणजे एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस. त्याच्यापुढच्या दोन तिरप्या रेघा मात्र तितक्या गरजेच्या नव्हत्या. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीच २००९ साली सांगितलं की त्या घातल्या नसत्या तरी चाललं असतं. जगभरच्या लोकांची किती बोटं त्यापायी झिजली असतील कोण जाणे.

डिसेंबर १९९४ मध्ये बर्नर्स-ली, लॅरी मॅसिंटर आणि मार्क मॅकहिल यांच्या नावाने आरएफसी १७३८ हा दस्तऐवज आला. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यांत लिहून ठेवतात ती टिपणं. त्यात दहा स्कीम नोंदलेल्या होत्या: एफटीपी, एचटीटीपी, गोफर, मेलटू, न्यूज, टेलनेट वगैरे. यातली निम्मी नावं आज कुणाला आठवतही नाहीत. पण दोन गोष्टी पाहा. एक, ही नावं माणसांची किंवा कंपन्यांची नव्हती, रीतींची होती. एचटीटीपी म्हणजे 'या रीतीने जाऊन आण'. टपालावर आपण 'रजिस्टर्ड' लिहायचो तसं. ते पत्र कसं न्यायचं हे सांगायचं. कुणाला द्यायचं हे सांगत नसे. दुसरी गोष्ट, या नावांची एक सार्वजनिक नोंदवही होती. आयएएनए नावाची संस्था ती ठेवते. नवं नाव हवं तर त्याचं वर्णन द्या, चर्चा होऊ द्या, मग नोंद होईल. संथ काम, पण नावाला घर होतं.

बिघाडाचं बीज मात्र तिथेच पडलेलं होतं. त्या दहांतलं 'मेलटू' बघा. ते काही आणत नाही; ते दाबलं की पत्र लिहायचा कागद समोर येतो. म्हणजे पत्ता राहिला बाजूला आणि ती आज्ञा झाली. २००० साली 'टेल' ही स्कीम आली. कोलनच्या पुढे फोन नंबर. दाबलं की नंबर फिरवायचा. टेबलावरच्या संगणकाच्या काळात याने फारसं बिघडत नव्हतं, कारण त्या संगणकाला फोन लावताच येत नव्हता.

मग आला मोबाइल. जुलै २००८ मध्ये ॲपलने ॲप स्टोअर उघडलं आणि त्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला. इथे एक चांगला हेतू समजून घेतला पाहिजे, नाहीतर आपण उगाच कुणाला खलनायक ठरवू. आयफोनमध्ये प्रत्येक ॲप आपापल्या बंद खोलीत राहतं. एकाने दुसऱ्याच्या खोलीत डोकावायचं नाही, सामानाला हात लावायचा नाही. सुरक्षेच्या दृष्टीने उत्तमच. पण शेजाऱ्याला हाक तरी मारता आली पाहिजे ना? म्हणून ॲप बनवणाऱ्यांना सांगितलं गेलं: तुम्ही स्वतःची एक स्कीम जाहीर करा. आपल्या ॲपच्या माहितीपत्रकात एक शब्द लिहून टाका. कोलनच्या डावीकडे तो शब्द असलेला पत्ता कुणी दाबला की आम्ही तुमचं ॲप उघडू. नकाशाच्या ॲपने एक शब्द घेतला, गाण्याच्या ॲपने दुसरा, फेसबुकने 'एफबी' घेतला.

आणि नोंदवही? नोंदवही नाही. मालकीचा दाखला नाही. शब्द कुणीही लिहावा. ॲपलच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत कित्येक वर्षं अशा अर्थाची स्पष्ट सूचना होती की दोन ॲपनी एकच स्कीम घेतली तर ती कुणाला द्यायची हे ठरवायची कुठलीही रीत सध्या नाही. आम्ही हे दोनदा वाचलं. वर्गाच्या दारावर पाटी लावावी, की एका नावाला दोघांनी ओ दिल्यास हजेरी कुणाची लागेल ते सांगता येत नाही, असाच तो प्रकार. अँड्रॉइडने निदान विचारायची सोय ठेवली: दोन दावेदार असतील तर यादी दाखवायची, निवड तुमची. पण त्या यादीत खरा कोण हे तुम्हाला कसं कळणार? नाव आणि चित्र दोन्ही नक्कल करता येतात.

इथे थोडं विषयांतर, क्षमा करा. १९७० च्या जानेवारीत सोल क्रिपकी नावाच्या तरुण तत्त्वज्ञाने प्रिन्स्टनला तीन व्याख्यानं दिली. पुढे त्यांचं पुस्तक झालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नाव हे वर्णनामुळे माणसाला चिकटत नाही. कधीतरी एक बारसं होतं आणि तिथून ते नाव एकाकडून दुसऱ्याकडे साखळीने पोचत राहतं. समाज ती साखळी सांभाळतो. आम्ही हे वर्षानुवर्षं शिकवलं, पण साखळी तुटलेली कशी दिसते याचं चांगलं उदाहरण आमच्याकडे नव्हतं. ते मोबाइलने दिलं. इथे हवं त्याने हवं ते बारसं करावं, आणि पाळण्याभोवती साक्षीला कुणी नाही.

पुढचा इतिहास भराभर घडला. नोव्हेंबर २०१० मध्ये नितेश धनजानी या सुरक्षा-संशोधकाने दाखवलं की एखाद्या वेबपानात न दिसणाऱ्या चौकटीत स्काईपच्या स्कीमचा पत्ता ठेवला, तर आयफोनवर नुसतं ते पान उघडताच स्काईप सुरू होऊन थेट कॉल लागतो. गंमत अशी की 'टेल' या नोंदणीकृत नावासाठी आयफोन आधी विचारायचा, "फोन लावू का?" पण स्काईपच्या नावासाठी काही नाही. धनजानींनी कळवलं तेव्हा ॲपलची भूमिका अशी होती की काम करण्याआधी परवानगी विचारणं ही त्या-त्या ॲपची जबाबदारी आहे. धनजानींचा आक्षेप होता की ॲप उघडून समोर आल्यावर विचारून काय उपयोग? विचारायचं ते उघडण्याआधी. आमचं मत धनजानींच्या बाजूला झुकतं. दारावरच्या रखवालदाराने "आत आलेल्यांना घरमालक पाहून घेतील" म्हणावं, हे काही बरोबर नाही.

२०१२ च्या सप्टेंबरात ब्युनोस आयरिसच्या एकोपार्टी परिषदेत रवी बोरगावकर यांनी जे दाखवलं ते जास्त भीतीदायक होतं. ते तेव्हा बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात संशोधन करत होते. तुम्ही फोनवर *#०६# दाबलं की फोनचा आयएमईआय क्रमांक दिसतो, हे अनेकांना माहीत असेल. हा कोड पुरा होताच चालतो. हिरवं बटण दाबावं लागत नाही. असे आणखीही कोड असतात, आणि सॅमसंगच्या काही फोनांत एक कोड असा होता की फोनमधलं सगळं पुसून तो कारखान्यातून आल्यासारखा कोरा करायचा. बोरगावकरांनी तो कोड 'टेल' या स्कीमच्या पुढे ठेवला आणि ते वेबपानात बसवलं. पान उघडलं की फोन कोरा! छायाचित्रं, नंबर, सगळं गेलं. इथे तर नोंदवलेलं, वीस देशांच्या तज्ज्ञांनी तपासावं असं सभ्य नाव होतं. तरी घात झाला, कारण डायलरने हे विचारलंच नाही की हा नंबर मालकाच्या बोटाने आला की परक्या पानातून. सॅमसंगने लवकरच दुरुस्ती पाठवली. पण आज्ञा कुणाची, हा प्रश्न तेव्हापासून सर्वांच्या डोक्यात बसला.

आता सर्वांत महत्त्वाच्या ठिकाणी येऊ. इथे जरा सावकाश जातो.

'फेसबुकने लॉगिन करा', 'गूगलने लॉगिन करा' अशी बटणं तुम्ही पाहिली असतील. त्यामागे ओऑथ नावाची रीत आहे. तिची दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रमाणित झाली. तुम्ही एखाद्या ॲपमध्ये ते बटण दाबता. ते ॲप तुम्हाला फेसबुककडे पाठवतं. फेसबुक तुमची ओळख पटवतं आणि एक किल्ली, म्हणजे अंकाक्षरांची लांबलचक माळ, त्या ॲपकडे परत पाठवतं. ही किल्ली ज्याच्या हातात तो तुमच्या नावाने आत जाऊ शकतो. आता सांगा, ती परत पाठवायची कशी? बंद खोल्या आहेत, हाक मारूनच द्यायची. म्हणजे स्कीमने. "अमुक नावाच्या ॲपा, ही घे किल्ली." आणि ज्या नावाला कुणीही ओ देऊ शकतं, त्या नावाने आपण किल्ली भिरकावतो आहोत!

हे केवळ तर्काने काढलेलं भूत नव्हे. २०१५ मध्ये इंडियाना विद्यापीठ, पेकिंग विद्यापीठ आणि जॉर्जिया टेक इथल्या संशोधकांनी ते प्रत्यक्ष करून दाखवलं. लुयी शिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक तोतया ॲप बनवलं. पिंटरेस्ट हे ॲप फेसबुकच्या लॉगिनसाठी जी स्कीम वापरायचं तीच यानेही जाहीर केली, आणि फेसबुकची किल्ली तोतयाच्या हातात पडली. त्यांची हल्लेखोर ॲप ॲपलच्या तपासणीतून पारही झाली होती. संशोधकांनी आधी ॲपलला कळवलं, सहा महिन्यांहून जास्त थांबले, आणि मगच प्रसिद्ध केलं. या क्षेत्रातली ही एक चांगली नीती आहे. आमच्या विद्वज्जनांत चूक सापडली की दुसऱ्याच दिवशी लेख छापायची घाई असते.

त्याच वर्षी, सप्टेंबर २०१५ मध्ये, नॅट साकिमुरा, जॉन ब्रॅडली आणि नवीन अग्रवाल यांचा आरएफसी ७६३६ आला. त्यातल्या रीतीला पिक्सी म्हणतात. आम्हाला ही फार आवडते, कारण ती नावावर भरवसा ठेवतच नाही. जुन्या हिंदी सिनेमात दोन अनोळखी माणसं पुलाखाली भेटतात आणि फाटक्या नोटेचे दोन तुकडे जुळवून पाहतात, आठवतं? तसंच. खरं ॲप निघतानाच एक गुपित तयार करतं आणि त्या गुपिताचा गणिती ठसा पुढे पाठवतं. ठशावरून गुपित काढता येत नाही, जसा अर्ध्या तुकड्यावरून दुसरा अर्धा बनवता येत नाही. परत येताना थेट किल्ली येत नाही, नुसती एक चिठ्ठी येते. चिठ्ठी तोतयाने झेलली तरी हरकत नाही. चिठ्ठी घेऊन किल्ली मागायला गेला की समोरून विचारणा होते: दुसरा तुकडा दाखव. तो त्याच्याकडे नसतो.

यात एक फट राहते, ती लपवणं बरोबर नाही. तोतयाने सुरुवातच स्वतः केली, आपलीच नोट फाडली, तर दोन्ही तुकडे त्याचेच जुळतील. तिथे फाटकी नोट कामाची नाही. मग पुन्हा माणसालाच विचारावं लागतं, की हे तूच सुरू केलंस ना?

दुसरी वाट होती नावालाच मालक देण्याची. आयओएस ९ आणि अँड्रॉइड ६, दोन्ही २०१५ चेच. त्यांनी सांगितलं, मनाने शब्द घडवू नका. ज्याचा मालक ठरलेला आहे असा वेबचा साधा पत्ताच वापरा. ॲपने म्हणायचं, "हे संकेतस्थळ माझं." आणि संकेतस्थळावर ठरलेल्या जागी एक फाइल ठेवायची, जी म्हणते, "हे ॲप माझं." फोन दोन्ही ताडून पाहतो. विवाहनोंदणीत दोघांच्या सह्या लागतात तसं. एकाच्या म्हणण्याने लग्न होत नाही. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलंय, पण बोलणारा आप्त असेल तर, म्हणजे जाणता आणि खरं सांगणारा असेल तर. सात वर्षं फोन शब्द ऐकत होता. बोलणारा कोण हे विचारायला तो २०१५ मध्ये शिकला.

त्याच आयओएस ९ ने आणखी एक दार लोटून घेतलं. कुठलंही ॲप फोनला विचारू शकायचं, "या स्कीमला ओ देणारं कुणी आहे का?" निरुपद्रवी वाटतं. पण शेकडो नावं एकामागून एक पुकारत गेलं तर काय होईल? पूर्ण वर्गाची यादी हाती येईल. तुमच्या फोनवर कुठल्या आजाराचं ॲप आहे, कुठल्या बँकेचं आहे, लग्न जुळवायचं आहे का, सगळं. फोनवरच्या ॲपची यादी जमवायला लागल्याचं २०१४ च्या नोव्हेंबरात ट्विटरने उघडपणे जाहीर केलं होतं. ॲपलने २०१५ मध्ये मर्यादा घातली: विचारायची नावं आधी लिहून द्या.

मग प्रश्न मिटला का? नाही. जुनी ॲप जुन्याच शब्दांवर चालतात, आणि नव्या रीतीतही दार उघडल्यावर आत कोण काय करतो हा प्रश्न राहतोच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने टिकटॉकच्या अँड्रॉइड ॲपमधली एक त्रुटी जाहीर केली. खास रचलेली एक लिंक दाबली की ॲप आपल्या पोटात परकं पान उघडायचं आणि त्या पानाला खात्यावर हात टाकता यायचा. जाहीर होण्याआधी ती दुरुस्त झाली होती.

आता आपल्या मुख्याध्यापिकांकडे वळू, कारण त्या समोरच्याच रांगेत बसल्या आहेत.

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. ते चालवणारी एनपीसीआय ही संस्था आपल्या मुंबईतलीच. भाजीवाल्याच्या गाडीवर जो चौकोनी कोड लावलेला असतो, त्याच्या पोटात काय आहे? एक पत्ता आहे, आणि त्याच्या कोलनच्या डावीकडे शब्द आहे: यूपीआय. पुढे पैसे घेणाऱ्याचा आयडी, त्याचं नाव, हवी असल्यास रक्कम. म्हणजे रोज भाजी घेताना आपण स्कीमच वापरतो, बरं का. इथे एक वेगळी गोष्ट घडली. हे नाव मुद्दामच कुणा एकाचं नाही. अँड्रॉइडवर ते पुकारलं की पैशांची सगळी ॲप एकत्र ओ देतात आणि तुम्ही निवडता. जो गोंधळ होता तोच सोय झाला. आयफोनवर अशी यादी येत नाही, म्हणून तिथे प्रत्येक कंपनीचं वेगळं नाव वापरावं लागलं. गूगल पेचं ते नाव बरीच वर्षं 'तेज' होतं, कारण २०१७ मध्ये त्याचं बारसं त्याच नावाने झालं होतं. बाहेरची पाटी बदलली तरी आतले लोक जुन्या नावाने हाक मारत राहिले, आपल्या गल्ल्यांसारखंच.

तर बाई, तुमच्या अंगठ्याने झालं ते इतकंच: एक नाव पुकारलं गेलं, एका ॲपने ओ दिली, आणि संदेश पाठवणाऱ्याने आधी लिहून ठेवलेला मजकूर फॉर्ममध्ये उतरला. यूपीआय लाइटच्या लहान रकमा सोडल्या तर तुम्ही मंजुरी देईपर्यंत पैसे हलत नाहीत. फोन कपाटात ठेवायची गरज नव्हती. पण तुम्हाला खटकली ती गोष्ट खरोखरच खटकण्यासारखी होती. फॉर्मवरचं ते नाव कुणी लिहिलं होतं? लिंकमधलं नाव हे लिंक बनवणाऱ्याने लिहिलेलं असतं. तो तिथे काहीही लिहील. तुमच्या शाळेचं नाव लिहील, वीज कंपनीचं लिहील. दुकानाच्या कोडावर कुणी आपला कोड चिकटवला तर तिथेही हेच.

म्हणून २०२५ च्या एप्रिलमध्ये एनपीसीआयने परिपत्रक काढलं आणि ३० जूनपर्यंतची मुदत दिली. कोडात किंवा लिंकमध्ये लिहिलेलं नाव ॲपने दाखवायचं नाही. बँकेच्या नोंदीत ज्या नावाने खातं आहे तेच पैसे देणाऱ्याला दिसलं पाहिजे. दहा वर्षांपूर्वी ॲपच्या नावांचं जे झालं, तेच इथे माणसांच्या नावांचं. तेव्हा पिनच्या आधी जे नाव दिसतं ते वाचा, पुरतं वाचा. भाजीवाल्याचं नाव तुम्हाला 'ताई' म्हणूनच माहीत असेल आणि पडद्यावर तिच्या मुलाचं नाव येईल. तर तिला विचारा, हा कोण? ती सांगेल.

वेळ झाली आहे. ते मागचे गृहस्थ मघापासून हात वर करून बसलेत, त्यांच्यापासून सुरुवात करू. आधी नाव सांगा. (हशा)